कुलाब्याचे लोकप्रतिनिधी कै. चिंतामणराव देशमुख

आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभु ज्ञातीच्या वार्षिक अंकात डॉ. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे नाव आले नाही असे वर्ष विरळाच. बहुतेक लेखांतून त्यांच्या परीक्षांतील यशाची, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदाची व पदव्यांची यादी वाचावयास मिळते. ती यादी खोटी नाही. परंतु या थोर पुरुषाच्या आयुष्यातील ज्या सहा-साडेसहा वर्षांत त्यांना सर्वांत जास्त टीका सोसावी लागली, त्या वर्षांकडे आपल्या लेखकांनी घाईघाईने पाहून पुढचे पान उलटलेले दिसते. प्रस्तुत लेखात त्या काळावरच विशेष भर द्यावयाचा आहे. चिंतामणराव जिल्ह्याचे निवडून आलेले प्रतिनिधी होते, केंद्र सरकारचे अर्थमंत्रीही होते, आणि या दोन नात्यांची एकमेकांशी गाठ पडली तेव्हा त्यांनी काय केले, हे आपल्या तरुण पिढीस ठाऊक असावे असे मला वाटते.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडच्या पायथ्याशी असलेल्या नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे रोह्यास वकिली करीत. मातोश्रींचे नाव भागीरथीबाई. रोह्याच्या कुंडलिका नदीच्या काठी बालपण गेल्यावर पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस आले. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळविली. त्या काळी मॅट्रिकला पहिला येणारा मुलगा कोणत्या गावचा, कोणाचा, याची चर्चा घराघरांतून होत असे. कोकणातील एका आडगावच्या वकिलाच्या मुलाने हा मान मिळविल्याचे कौतुक केवढे झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तेथून ते विलायतेस केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले. संस्कृतचा हा विद्यार्थी तेथे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकला, वनस्पतिशास्त्राचे पारितोषिकही त्याने पटकाविले, आणि १९१८ साली लंडन येथे झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत पहिला आला. लोकमान्य टिळक त्या सुमारास लंडनमध्ये होते. सरकारी नोकरी सोडून देशकार्यात पडावे की काय, असा प्रश्न या तरुणाने त्यांच्यापुढे ठेवला असता, नोकरी सोडू नये, राज्यकारभाराचा हा अनुभव पुढे स्वतंत्र देशाच्या उपयोगी पडेल, असा सल्ला लोकमान्यांनी दिला. पुढील इतिहास पाहता तो सल्ला अक्षरशः खरा ठरला.

मध्यप्रांत व वऱ्हाडात त्यांनी सुमारे वीस वर्षे नोकरी केली. रायपूर जिल्ह्यात जमाबंदीचे काम केले, नागपूरच्या सचिवालयात महसूल व अर्थखाते सांभाळले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी तिच्या चिटणिसांपैकी ते एक होते. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ साली डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी त्या बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. १९४४ साली ब्रेटन वूड्स येथील परिषदेस ते हिंदुस्थानचे एक प्रतिनिधी म्हणून गेले. त्याच वर्षी इंग्रज सरकारने त्यांना सर हा किताब दिला. फाळणीनंतर नव्या दोन राष्ट्रांत चलनाची व बँकेच्या मालमत्तेची वाटणी करणे आणि १ जानेवारी १९४९ पासून रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची होणे, ही दोन्ही कामे त्यांच्याच कारकिर्दीत पार पडली. या साऱ्याविषयी आपण पुष्कळ वाचले आहे, म्हणून येथे इतकेच पुरे.

१९५० साली नियोजन मंडळ स्थापन झाले तेव्हा ते त्याचे सभासद झाले, आणि त्या मंडळाच्याच अधिकारावरून मतभेद होऊन डॉ. जॉन मथाई यांनी अर्थमंत्रिपद सोडल्यावर पंडित नेहरूंनी ते पद चिंतामणरावांकडे सोपविले. येथे एक अडचण उभी राहिली. जन्मभर फायलींवर शेरे मारणाऱ्या आणि कधी चळवळीत न पडलेल्या माणसाला आता मतदारांच्या दारी जावयाचे होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते कुलाबा मतदारसंघातून उभे राहिले. हा जिल्हा म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे मोठे ठाणे. भातशेती करणारी कुळे, मिठागरांवर राबणारे आगरी, किनाऱ्यावरील कोळी, आणि घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत नाहीतर गोदीत, असा तो मतदार. इंग्रजांचा सर हा किताब मिळविलेल्या माणसावर त्याने एकदम विश्वास टाकावा अशी परिस्थिती नव्हती. तरीही कुलाब्याने त्यांना निवडून दिले.

निवडून आल्यावर मतदारांना आवडेल असे काही करावे, असा राजकारणातील सर्वसाधारण रिवाज आहे. चिंतामणरावांनी प्रारंभीच त्याच्या उलट केले. १९५२ च्या अर्थसंकल्पात धान्यावरील केंद्र सरकारच्या अनुदानात त्यांनी मोठी कपात केली. रेशनचे धान्य महागले आणि देशभर निषेधाच्या सभा झाल्या. सरकारची बाजू अशी होती की, परदेशातून महाग धान्य आणून ते स्वस्त विकण्यात जो पैसा खर्च होतो, तोच धरणे, कालवे व शेतीसुधारणा यांकडे वळविल्याखेरीज पहिली पंचवार्षिक योजना कागदावरच राहील. हिशेब बिनचूक होता यात शंका नाही. पण गिरणगावातील खोलीत आठवड्याचे रेशन भरणाऱ्या रोहेकराला तो हिशेब कितपत पटला असेल, हा प्रश्न उरतोच. चिंतामणरावांचा स्वभाव असा की, एखादी गोष्ट आकड्यांनी सिद्ध झाली म्हणजे ती समजावून झाली, असे ते मानीत. हा त्यांचा गुणही होता आणि उणीवही होती, असे मला प्रांजळपणे वाटते.

१९५३ साली इस्टेट ड्यूटीचा, म्हणजे मृत्युकराचा कायदा झाला. माणूस मेल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या मिळकतीवर सरकार कर घेणार, ही बातमी खेड्यापाड्यांत पोहोचली तेव्हा वाडवडिलांचे घर व चार गुंठे जमीन असलेल्या माणसाच्याही मनात धास्ती बसली. वस्तुतः मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबातील हिश्श्यावर ५०,००० रुपयांपर्यंत आणि इतर मिळकतीवर १ लाख रुपयांपर्यंत हा कर मुळीच लागू नव्हता. त्या दिवसांत एवढी मिळकत असलेली घरे आपल्या तालुक्यांतून बोटांवर मोजण्याइतकी असतील. शिवाय शेतजमिनीवर हा कर बसविण्यास त्या त्या राज्याच्या विधानमंडळाची संमती लागे, आणि कराचे उत्पन्न राज्यांच्या वाट्यास जाई. संपत्तीची अफाट विषमता पिढ्यान्‌पिढ्या चालत राहू नये, हा त्यामागील हेतू. पुढे १९८५ साली तो कर रद्द झाला. वसुलीचा खर्च व कटकट पाहता उत्पन्न फारसे नव्हते. म्हणजे हेतू चांगला असूनही साधन कमजोर ठरले.

याउलट इंपीरियल बँकेच्या बाबतीत त्यांचे धोरण दीर्घकाल टिकले. गोरवाला समितीने ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करून जे निष्कर्ष काढले, त्यांतून शेतकऱ्याच्या कर्जाचा फार मोठा भाग सावकाराकडूनच येतो व सहकारी संस्था आणि बँका यांचा वाटा नगण्य आहे, हे उघड झाले. त्या शिफारशीवरून इंपीरियल बँकेचे रूपांतर १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात झाले आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा, विशेषतः लहान गावी, उघडण्याचे बंधन तिच्यावर घालण्यात आले. भाऊबंदांपैकी ज्यांनी तालुक्याच्या गावी स्टेट बँकेत नोकऱ्या करून सुखाने पेन्शन घेतले, त्यांनी तरी या गोष्टीचे स्मरण ठेवावयास हरकत नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे वळू.

भाषावार प्रांतरचनेसाठी नेमलेल्या फाजलअली आयोगाचा अहवाल १९५५ च्या शरद ऋतूत बाहेर आला. गुजरात व महाराष्ट्र यांचे मिळून एक द्वैभाषिक राज्य करावे आणि विदर्भ निराळा ठेवावा, अशी त्यात शिफारस होती. महाराष्ट्रात ती कोणास रुचली नाही. नंतर काँग्रेसश्रेष्ठींनी त्रिराज्य योजना पुढे आणली : गुजरात, महाराष्ट्र आणि मुंबई शहर ही तीन राज्ये. मुंबईत मराठी बोलणारे सुमारे ४४ टक्के, अन्य कोणत्याही एका भाषेच्या लोकांपेक्षा कितीतरी अधिक. शहर चोहोंकडून मराठी मुलुखाने वेढलेले. त्याच्या गिरण्या व गोदी चालविणारे हात कोकणचे आणि घाटावरचे. असे असता महाराष्ट्राला राज्य द्यावयाचे आणि त्याचे शिर कापून घ्यावयाचे, हा न्याय मराठी माणसास मानवणे शक्य नव्हते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत विधानसभेवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसे मेली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून भाषण करून मुंबई शहर केंद्राच्या अंमलाखाली राहील असे जाहीर केले, आणि मुंबई पेटली. त्या आठवड्यात पोलिसांच्या गोळ्यांनी कित्येक घरांतील कर्ती माणसे गेली. त्यांत कुलाब्याची, रत्नागिरीची, साताऱ्याची माणसे होती. फ्लोरा फाउंटनपाशी आज हुतात्मा चौक आहे, तो या लढ्यात बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ.

याच आठवड्यात दिल्लीत चिंतामणराव दुसऱ्या एका अत्यंत गुप्त कामात गुंतले होते. आयुर्विम्याच्या कंपन्यांत लोकांच्या पैशाचा गैरव्यवहार होत असल्याचे लोकसभेत उघड झाले होते. फिरोज गांधी यांचे डिसेंबर १९५५ मधील भाषण त्याविषयी प्रसिद्धच आहे. आयुर्विम्याचा सारा धंदा राष्ट्राच्या ताब्यात घ्यावयाचे ठरले. बातमी आधी फुटली असती तर कंपन्यांच्या तिजोऱ्या रातोरात रिकाम्या झाल्या असत्या. म्हणून अगदी मोजक्या माणसांखेरीज कोणास पत्ता लागू दिला नाही. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच संध्याकाळी अर्थमंत्र्यांनी आकाशवाणीवरून देशाला त्यामागील कारणे समजावून सांगितली. देशी, परदेशी व प्रॉव्हिडंट संस्था मिळून २४५ विमा संस्थांचा कारभार सरकारकडे आला. वाचकांनी तारखांकडे लक्ष द्यावे. सोळा तारखेस पंतप्रधानांचे भाषण, एकोणीसला अर्थमंत्र्यांचे. एकीकडे आपल्या जिल्ह्याच्या माणसांवर मुंबईत गोळ्या चालत आहेत, आणि दुसरीकडे त्याच सरकारच्या वतीने शांत स्वरात विम्याचे राष्ट्रीयीकरण विशद करावयाचे! त्या संध्याकाळी त्यांच्या मनात काय चालले असेल ते देवालाच ठाऊक.

त्याच जानेवारीत त्यांनी पंतप्रधानांकडे राजीनाम्याचे पत्र दिले.

राजीनाम्याची गरज का पडली, हे नागरिकशास्त्राचा विषय शिकविताना मी वर्गात याच उदाहरणावरून सांगत असे. त्या काळी साधा खासदार आपल्या पक्षाच्या विरुद्ध जाऊ शकत असे, फार तर पक्ष त्याच्यावर रागावे. मंत्र्याचे तसे नाही. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असते. निर्णय झाला की तो प्रत्येकाचा. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणारे विधेयक लोकसभेत आले असते तेव्हा कुलाब्याच्या प्रतिनिधीला सरकारच्या बाजूने हात वर करावा लागला असता. मत द्यावे तर मतदारांशी द्रोह, न द्यावे तर मंत्रिमंडळाशी. यातून तिसरी वाट एकच, ती म्हणजे खुर्ची सोडणे.

पण खुर्ची लगेच सुटली नाही. अर्थसंकल्प जवळ आला होता, दुसरी पंचवार्षिक योजना १ एप्रिलपासून सुरू व्हावयाची होती, विम्याचा कायदा संमत व्हावयाचा होता. पंतप्रधानांनी थांबण्याचा आग्रह केला आणि चिंतामणराव थांबले. फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांनी अर्थसंकल्प मांडला. जूनमध्ये आयुर्विमा महामंडळाचा कायदा झाला. हे सहा महिने महाराष्ट्रात त्यांच्यावर कठोर टीका झाली. काँग्रेसचे आणखी कित्येक लोक राजीनाम्याची भाषा करून गप्प बसले होते, त्यांच्याच पंक्तीला लोकांनी यांनाही बसविले. आपल्या ज्ञातीचा अभिमान बाजूस ठेवून पाहिले तर ती टीका अगदीच अस्थानी होती असे म्हणता येत नाही. ज्याच्या घरातील मुलगा गोळीने गेला, त्याला योजनेचे वेळापत्रक सांगून काय उपयोग? परंतु हेही खरे की, त्या वेळी ते तडकाफडकी गेले असते तर विम्याचे अर्धवट काम धनिकांच्या दबावाखाली कसे वळले असते, हे सांगता येत नाही. दोन्ही बाजूंना वजन आहे. माझे स्वतःचे मत असे की, आशा हे त्यांच्या थांबण्याचे खरे कारण असावे. मुंबईविषयीचा निर्णय बदलेल, असे त्यांना जूनपर्यंत वाटत असले पाहिजे.

ती आशा ३ जून १९५६ रोजी संपली. त्या दिवशी मुंबईत पंतप्रधानांनी, मुंबई शहर पाच वर्षे केंद्राच्या कारभाराखाली राहील, असे जाहीर केले. जुलैत राजीनामा स्वीकारला गेला आणि त्या महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात चिंतामणराव लोकसभेत निवेदनास उभे राहिले.

हे निवेदन संसदेच्या इतिहासात अपूर्व मानले जाते. जन्मभर मितभाषी असलेल्या या गृहस्थाने त्या दिवशी काही राखून ठेवले नाही. मुंबईविषयीच्या निर्णयाचा विचार मंत्रिमंडळात रीतसर झालाच नाही, मंत्र्यांना न विचारता पंतप्रधानांनी घोषणा केली, ही रीत घटनेला धरून नाही, असा त्यांचा पहिला आरोप. मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी सरकारने नाकारली, हा दुसरा. आणि यामागे महाराष्ट्राविषयी आकस आहे, हे त्यांनी भर सभागृहात पंतप्रधानांच्या समोर सांगितले. पंडितजींनी या आरोपांचा इन्कार केला. नेहरूंविषयी चिंतामणरावांना वैयक्तिक आदर होता. १९५३ साली दुर्गाबाईंशी त्यांचा विवाह झाला तेव्हा साक्षीदार म्हणून पंडितजींनीच सही केली होती. तरीही त्यांनी ते शब्द उच्चारले. सहा महिने जे मतदारांना सांगता आले नव्हते, ते त्यांनी देशातील सर्वांत मोठ्या सभागृहात सांगितले. मंत्री असताना गुप्ततेच्या शपथेने बांधलेला माणूस राजीनामा दिल्यावरच आपल्या लोकांशी मोकळेपणाने बोलू शकतो, हा आपल्या राज्यपद्धतीतील एक विचित्र भाग आहे.

या निवेदनाने चित्र पालटले. काल ज्यांनी दूषणे दिली तेच आज त्यांचा जयजयकार करू लागले. दिल्लीच्या तख्तापुढे मान न वाकविणारा मराठा गडी म्हणून त्यांची वाहवा झाली. ऑगस्टमध्ये लोकसभेने त्रिराज्य योजना सोडून विशाल द्वैभाषिक राज्य पत्करले, ते १ नोव्हेंबर १९५६ पासून अमलात आले. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. त्या फळाचे श्रेय प्रथम रस्त्यावर प्राण देणाऱ्यांचे आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे. चिंतामणरावांचा वाटा निराळ्या जातीचा होता : मराठी माणसाची तक्रार ही केवळ जमावाची आरडाओरड नाही, हे देशाच्या अर्थमंत्र्यानेच पद सोडून दाखवून दिल्यामुळे दिल्लीस ती डावलणे अवघड गेले.

लोकप्रियतेच्या त्या लाटेवर १९५७ ची निवडणूक त्यांना सहज जिंकता आली असती, असे पुष्कळांचे मत. ते उभेच राहिले नाहीत. १९५६ सालीच विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी पत्करले आणि १९६१ पर्यंत सांभाळले. पदवीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि प्राध्यापकांच्या पगारश्रेणीत सुधारणा ही त्या काळातील कामे. नंतर १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. दिल्लीचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर हे त्यांच्याच पुढाकाराचे फळ. १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने ते उभे राहिले. त्यात ते तिसरे आले. तो प्रसंग त्यांच्या योग्यतेस साजेसा नव्हता, असे मला वाटते.

आपण ज्ञातिबांधव त्यांना आपले म्हणतो, ते योग्यच आहे. परंतु हे गृहस्थ ज्ञातीच्या चौकटीत मावणारे नव्हते, हेही लक्षात ठेवावे. त्यांची पहिली पत्नी रोझिना इंग्रज होती. तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी त्यांनी आंध्रातील विख्यात समाजसेविका दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. त्या पिढीत असे विवाह करणाऱ्यास ज्ञातीच्या सभेत मानाचे पान मिळत असे, असा दावा कोणी करू नये. कालिदासाचे मेघदूत मराठी पद्यात आणणारा, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधणारा आणि जाईल तेथे बाग फुलविणारा हा माणूस अशा गोष्टींची फिकीर करणारा नव्हता.

१९७५ साली चिंतामणराव व दुर्गाबाई या दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. १९८१ च्या मे महिन्यात दुर्गाबाई गेल्या, आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांचे देहावसान झाले. ज्या कुलाबा जिल्ह्याने त्यांना लोकसभेत पाठविले होते, त्याचे नाव त्याच्या आदल्याच वर्षी बदलून रायगड झाले होते.